पाण्यातून सायकलवर, सायकलवरून रस्त्यावर

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

बुलडाणा जिल्ह्यातल्या, त्यातही खामगावच्या माणसाला गाडी बदलणे म्हणजे काय, हे समजावून सांगावे लागत नाही. मुंबई-नागपूर लोहमार्ग खामगावला शिवत नाही. तो शेगाव, जलंब, नांदुरा, मलकापूर असा जातो. खामगावची कापसाची बाजारपेठ मोठी, म्हणून १८७० साली जलंबपासून खामगावपर्यंत आठ मैलांचा, म्हणजे साधारण तेरा किलोमीटरचा फाटा टाकला गेला. त्याच्या उद्घाटनाला व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः आले होते. तेव्हापासून खामगावहून रेल्वेने लांब जायचे तर जलंबला उतरायचे, सामान उचलायचे, दुसऱ्या गाडीत बसायचे, हे ठरलेले. आणि घरी पोचल्यावर प्रवास किती तासांचा झाला हे सांगताना जलंबच्या फलाटावर गेलेला वेळ कोणी वजा करत नाही. तो प्रवासातच धरतात.

आज ज्या खेळाविषयी बोलायचे आहे, त्याचे मर्म नेमके इथे आहे. त्या खेळाचे नाव ट्रायथलॉन. आधी पोहायचे, मग सायकल चालवायची आणि शेवटी धावायचे. तिन्ही एकामागून एक, एकाच दिवशी, एकाच घड्याळावर. यातला लांब पल्ल्याचा सर्वात प्रसिद्ध प्रकार म्हणजे आयर्नमॅन. त्यात ३.८ किलोमीटर पोहणे, १८० किलोमीटर सायकल आणि त्यानंतर ४२.२ किलोमीटरची पूर्ण मॅरेथॉन. त्याच्या निम्म्या अंतराच्या शर्यतीत १.९ किलोमीटर पोहणे, ९० किलोमीटर सायकल आणि २१.१ किलोमीटर धावणे असते. मैलांत याची बेरीज ७०.३ होते, म्हणून तिला ‘सेव्हंटी पॉइंट थ्री’ म्हणतात.

हे सगळे ऐकून कोणी म्हणेल, की हा परदेशी लोकांचा हौशी उद्योग, आपला काय संबंध? पण आता तसे राहिलेले नाही. २०१५ साली मिलिंद सोमण यांनी पन्नाशीच्या उंबरठ्यावर असताना झ्युरिकची आयर्नमॅन शर्यत पूर्ण केली आणि मराठी घरांत हा शब्द पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर पोचला. पुण्याचे प्रशिक्षक कौस्तुभ राडकर त्याच्या कितीतरी आधीपासून ही शर्यत वारंवार पूर्ण करत होते. २०१७ मध्ये महाराष्ट्राच्या पोलीस सेवेतील कृष्ण प्रकाश यांनी फ्रान्समध्ये ती पुरी केली. नाशिकच्या अभिनेत्री सैयामी खेर यांनी २०२४ मध्ये जर्मनीत निम्म्या अंतराची शर्यत पूर्ण केली. आणि सर्वात महत्त्वाचे म्हणजे २० ऑक्टोबर २०१९ रोजी ही निम्म्या अंतराची शर्यत आपल्या शेजारी, पणजीच्या मिरामार किनाऱ्यावर भरली. लष्करातले बिश्वरजित सायखोम तिथे पहिले आले. करोनाच्या दोन वर्षांचा खंड सोडला तर पुढेही ती तिथे होत राहिली. विमानाचे तिकीट आणि परदेशी व्हिसा यांचा अडसर गेला, तशी डॉक्टर, शिक्षक, पोलीस, व्यापारी अशी साधी माणसे या शर्यतीकडे वळली.

नवख्या माणसाची तयारी पाहिली तर ती तीन वह्यांत लिहिलेली असते. एक वही पोहण्याची, एक सायकलची, एक धावण्याची. पण शर्यतीत या तिघांच्या मधे आणखी दोन जागा येतात. पाण्यातून बाहेर येऊन सायकलवर बसेपर्यंतची पहिली, आणि सायकलवरून उतरून धावायला लागेपर्यंतची दुसरी. या बदलाला इंग्रजीत ट्रान्झिशन म्हणतात. खेळाडू त्यांना ‘टी-वन’ आणि ‘टी-टू’ म्हणतात. यांचा वेळ एकूण वेळात धरला जातो. घड्याळ थांबत नाही. म्हणूनच या बदलाला ट्रायथलॉनमधला चौथा खेळ म्हणण्याची पद्धत पडली आहे. हा चौथा खेळ कसा जन्माला आला, हे पाहिले की तो कसा खेळायचा तेही आपोआप कळते.

या खेळाच्या आधुनिक रूपाची सुरुवात अमेरिकेत सॅन दिएगो शहरात झाली. तारीख २५ सप्टेंबर १९७४. मिशन बे नावाच्या खाडीकाठी तिथल्या धावपटूंच्या क्लबने एका संध्याकाळी ही शर्यत ठेवली. जॅक जॉनस्टोन आणि डॉन शॅनहन हे तिचे जनक. ४६ जण आले. त्या दिवशीचा क्रम आजच्यासारखा नव्हता. आधी धावणे, मग सायकल, मग थोडे पोहणे, पुन्हा थोडे धावणे, पुन्हा पोहणे असा सगळा आलटून पालटून कारभार होता. ओल्या पायांत बूट कशाला घालायचे, म्हणून बरेचसे धावणे अनवाणीच, गवतावरून आणि वाळूवरून. ठरवल्यापेक्षा वेळ जास्त लागला, अंधार पडला आणि शेवटच्या पोहणाऱ्यांना काठ दिसावा म्हणून मोटारींचे दिवे पाण्याकडे लावावे लागले. बदलाची वेगळी जागा, वेगळा नियम असे काही नव्हते.

त्या ४६ जणांत अमेरिकन नौदलातले जॉन कॉलिन्स आणि त्यांच्या पत्नी जुडी होत्या. पुढे त्यांची बदली हवाई बेटांवर झाली. तिथे एका बक्षीस समारंभात वाद रंगला, की खरा दमदार कोण, पोहणारा की धावणारा? कॉलिन्स म्हणाले, सायकलस्वारांना विसरू नका. मग त्यांनी सुचवले, की इथे आधीपासून तीन प्रसिद्ध शर्यती आहेत. वायकीकीची समुद्रातली पोहण्याची शर्यत, ओआहू बेटाला वळसा घालणारी सायकल फेरी आणि होनोलुलूची मॅरेथॉन. तिन्ही एकाच दिवशी जोडून टाकू. जो पहिला येईल त्याला ‘आयर्न मॅन’, म्हणजे पोलादी माणूस म्हणू.

आता गंमत पाहा. तीन शर्यती जोडायच्या म्हणजे एकीचा शेवट दुसरीच्या आरंभाला येऊन मिळाला पाहिजे. सायकल फेरीचे मूळ अंतर होते ११५ मैल. कॉलिन्स यांच्या लक्षात आले, की त्यातले तीन मैल कमी केले आणि बेटाला घड्याळाच्या उलट दिशेने वळसा घातला, तर पोहणे संपते तिथून सायकल सुरू करता येईल आणि मॅरेथॉन जिथून सुटते त्या अलोहा मनोऱ्यापाशी ती संपवता येईल. म्हणून अंतर ठरले ११२ मैल. आज जगभर आयर्नमॅनच्या सायकलीचे अंतर १८० किलोमीटर आहे, ते याच ११२ मैलांमुळे. या आकड्यामागे शरीरशास्त्राचा कोणताही हिशेब नाही. एका खेळातून दुसऱ्या खेळात जाण्याची सोय व्हावी, एवढेच त्याचे कारण.

१८ फेब्रुवारी १९७८ रोजी ही पहिली शर्यत झाली. १५ जण निघाले, १२ जणांनी ती पूर्ण केली. बदलण्याचा प्रकार तेव्हा अगदी घरगुती होता. प्रत्येकाने स्वतःची मदतनीस मंडळी आणायची. तीच पाणी देणार, खायला देणार, कपडे देणार. सायकल संपताना जॉन डनबर पुढे होता, पण धावताना त्याच्या मंडळींकडचे पाणी संपले आणि त्याला बिअर देण्यात आली. मागून आलेल्या गॉर्डन हॅलरने त्याला गाठले आणि ११ तास ४६ मिनिटे ५८ सेकंदांत शर्यत जिंकली. डनबर अर्ध्या तासाहून अधिक मागे राहिला. पहिल्याच वर्षी हा धडा मिळाला, की दम असून भागत नाही. योग्य वेळी योग्य वस्तू हाताशी असावी लागते.

पुढच्या वर्षांत वृत्तपत्रे आणि दूरचित्रवाणी यांनी ही शर्यत उचलून धरली. १९८१ मध्ये ती ओआहू सोडून हवाईच्या मोठ्या बेटावर गेली. फेब्रुवारी १९८२ मध्ये ज्युली मॉस ही विद्यार्थिनी महिलांमध्ये आघाडीवर असताना शेवटच्या टप्प्यात कोसळली. कॅथलीन मॅककार्टनी तिला मागे टाकून गेली. ज्युली अक्षरशः रांगत अंतिम रेषेवर पोचली, अवघ्या २९ सेकंदांनी मागे. ते चित्रीकरण अमेरिकेत घरोघर पाहिले गेले आणि शर्यतीकडे लोकांचा ओढा वाढला. पण त्याचबरोबर एक हिशेबही लोकांच्या ध्यानात आला. अकरा तासांच्या शर्यतीचा निकाल अर्ध्या मिनिटात लागतो आणि तेवढा वेळ तर कपडे बदलतानाच जातो!

खेळाडूंची संख्या वाढली तशी घरगुती व्यवस्था कोलमडली. शेकडो सायकली, शेकडो पिशव्या, आणि प्रत्येकाचे नातेवाईक मधे घुसलेले, असे चालणार कसे? म्हणून बदलासाठी आखलेली, कुंपण घातलेली जागा आली. सायकली अडकवायला नंबर घातलेले लोखंडी दांडे आले. आत येण्याची वाट वेगळी, बाहेर जाण्याची वेगळी झाली. नातेवाईकांना आत मज्जाव झाला. बाहेरच्या माणसाची मदत घेणे नियमबाह्य ठरले. १९९४ मध्ये ऑलिम्पिक समितीने खेळाला मान्यता दिली आणि २००० साली सिडनीत तो पहिल्यांदा खेळला गेला. तिथे अंतर कमी होते, १.५ किलोमीटर पोहणे, ४० किलोमीटर सायकल, १० किलोमीटर धावणे. महिलांमध्ये स्वित्झर्लंडच्या ब्रिगिट मॅकमहोनने सुवर्णपदक जिंकले ते फक्त दोन सेकंदांच्या फरकाने. त्या पातळीवर बूट घालण्याचा सरावही तासन्‌तास करावा लागतो, यात नवल ते काय?

पण आपल्याकडच्या पहिलटकराला सेकंदांची चिंता नको. त्याच्यापुढचे प्रश्न दोन आहेत. जिवाला धोका न होता पुढे जाणे हा पहिला, आणि वेळेच्या मर्यादेत राहणे हा दुसरा.

पहिला प्रश्न आधी घेऊ. अमेरिकेत १९८५ ते २०१६ या काळातल्या ट्रायथलॉनमधील मृत्यूंचा आणि हृदय बंद पडण्याच्या घटनांचा डॉक्टरांनी अभ्यास केला. अशा १३५ घटना सापडल्या. त्यांतल्या ९० पोहताना घडल्या होत्या. लोकांना भीती वाटते ती शेवटच्या धावण्याची, पण खरा धोका सुरुवातीला, पाण्यात आहे. गर्दीत सुरुवात, लाटा, घाबरून वाढलेले ठोके, आणि कधी कधी आधीपासून असलेले पण माहीत नसलेले हृदयाचे दुखणे. आपल्या भागातली कितीतरी मुले पाठीला डबा बांधून विहिरीत पोहायला शिकलेली आहेत. विहिरीत काठ चार हातांवर असतो, समुद्रात तो दिसतही नाही. त्यामुळे नोंदणी करण्याआधी हृदयाची तपासणी आणि मोकळ्या पाण्याचा सराव, तोही जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली, हे टाळता येणार नाही. धरणात एकट्याने उतरणे म्हणजे सराव नव्हे.

आता पहिला बदल. पाण्यात आपण तासभर आडवे असतो. काम हातांचे असते. बाहेर येऊन एकदम उभे राहिले की रक्त पायांकडे उतरते, चक्कर येते, दोन पावले वाकडी पडतात. म्हणून काठ जवळ आला की शेवटच्या काही हातांत पाय जरा जोराने मारावेत, उभे राहिल्यावर पळत सुटू नये, चालत निघावे. चालता चालता टोपी आणि चष्मा काढावा. थंड देशांत अंगावर रबरी पोहण्याचा पोशाख असतो, तो उतरवण्यात वेळ जातो. गोव्याच्या उबदार पाण्यात तो प्रश्न येत नाही. तिन्ही प्रकारांत चालणारा एकच घट्ट, लवकर वाळणारा पोशाख सुरुवातीपासून घातलेला असला की कपडे बदलायचे कामच उरत नाही.

मग आपली सायकल शोधायची. शेकडो सायकलींत ती सापडत नाही, म्हणून आदल्या दिवशी ती ठेवतानाच रस्ता पाठ करावा. पाण्याकडून आत येताना कितवी रांग, त्या रांगेत कुठले झाड किंवा खांब, हे दोनदा चालून पाहावे. सायकलीशेजारी वस्तू वापरण्याच्या क्रमाने मांडाव्यात. काही शर्यतींत वस्तू जमिनीवर ठेवता येत नाहीत, सायकलीची एक आणि धावण्याची एक अशा दोन पिशव्या दिलेल्या असतात आणि बदलण्यासाठी तंबू असतो. तिथे पिशवीत काय आहे ते डोळे मिटून सांगता आले पाहिजे.

यानंतरचा नियम सर्वात कडक. आधी हेल्मेट डोक्यावर, त्याचा पट्टा हनुवटीखाली अडकवलेला, आणि मगच सायकलीला हात. पट्टा उघडा ठेवून सायकल दांड्यावरून काढली तर दंड होतो. सायकल हातात धरून चालत न्यायची. जमिनीवर एक रेषा आखलेली असते, ती ओलांडल्यावरच स्वार व्हायचे. दूरचित्रवाणीवर मोठे खेळाडू सायकलीला आधीच अडकवलेल्या बुटांत उडी मारून पाय घालताना दिसतात. पहिलटकराने ते पाहून टाळ्या वाजवाव्यात, पण स्वतः शांतपणे बूट घालून मग निघावे. वाचतील दहा सेकंद, मोडेल हात.

दुसरा बदल याच्या उलट. रेषेच्या आधी उतरायचे, सायकल जागेवर अडकवायची, आणि नंतरच हेल्मेट काढायचे. सायकलीचे बूट काढून धावण्याचे घालायचे. नाडी बांधताना थकलेली बोटे थरथरतात, म्हणून रबरी नाड्या वापरतात. छातीवरचा नंबर टाचण्यांनी लावण्याऐवजी कमरेच्या लवचिक पट्ट्याला लावतात. उन्हाची टोपी डोक्यावर ठेवली की निघायचे. खरी परीक्षा त्यानंतरच्या पहिल्या किलोमीटरमध्ये असते. तीन-चार तास पाय एकाच गोल चालीत फिरलेले असतात. ते लाकडासारखे वाटतात, आपले नाहीतच असे वाटते. त्यात भलतेच म्हणजे वेगाचा अंदाजही चुकतो, आणि आपण हळू धावतोय असे समजून माणूस नको इतक्या जोरात सुटतो. यावर उपाय एकच. आठवड्यातून एकदा सायकल संपताच लगेच पंधरा-वीस मिनिटे धावायचे. या जोड सरावाला खेळाडू ‘ब्रिक’ म्हणतात. राजूर घाट चढून आलेल्या बुलडाण्याच्या सायकलस्वाराने घरी येऊन चहाला न बसता बूट बदलावेत आणि गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन यावे, एवढाच त्याचा अर्थ.

आता दुसरा प्रश्न, वेळेचा. पूर्ण आयर्नमॅनसाठी साधारण सतरा तास मिळतात. निम्म्या अंतरासाठी साधारण साडेआठ तास, आणि त्यात पोहणे एक तास दहा मिनिटांत संपले पाहिजे. ऑक्टोबर २०२४ मध्ये खासदार तेजस्वी सूर्या यांनी गोव्याची शर्यत पूर्ण केली. त्यांचा वेळ ८ तास २७ मिनिटे ३२ सेकंद. साडेआठ तासांच्या मर्यादेच्या फक्त अडीच मिनिटे आत! दोन बदलांत मिळून आणखी तीन मिनिटे गेली असती, एक मोजा सापडला नसता, सायकलीची रांग चुकली असती, तर दिवसभराचे कष्ट असूनही निकालात नाव नसते. पहिलटकरासाठी बदलाचे मोल असे आहे. पदकासाठी नव्हे, पण पूर्ण केल्याच्या नोंदीसाठी.

तरीही घाई हा त्यावरचा इलाज नाही. आषाढीला शेगावहून पंढरपूरला पायी जाणारे वारकरी पाहा. महिनाभराच्या वाटेत रोजचा मुक्काम बदलतो. पण पहाटे अंधारात कोणाची शोधाशोध होत नाही, कारण पिशवीत मोजक्याच वस्तू असतात आणि प्रत्येकीची जागा ठरलेली असते. बदल झटपट होतो तो पळापळीने नव्हे, ठरलेल्या क्रमाने. नवख्या खेळाडूने हाच क्रम एका कागदावर लिहून काढावा आणि अंगणात दहा वेळा करून पाहावा. एक बादली पाणी अंगावर घ्यावे, ओल्या पायांनी सायकलीपर्यंत चालावे, हेल्मेट, चष्मा, बूट, पाण्याचा घोट, आणि निघावे. परत येऊन दुसरा बदल करावा. हजारो रुपयांची सायकल सगळ्यांना परवडणार नाही, पोहण्याचा तलाव प्रत्येक तालुक्यात नाही, हे खरे. पण या खेळातला हा एक भाग असा आहे, की तो शिकायला पैसा लागत नाही आणि मोठ्या शहरातल्या खेळाडूपेक्षा आपण त्यात मागे राहण्याचे कारण नाही.

आणि ज्याला तिन्ही जमत नाही, त्यालाही वाट आहे. गोव्याच्या शर्यतीत तिघांच्या चमूनेही भाग घेता आलेला आहे. एकाने पोहायचे, दुसऱ्याने सायकल, तिसऱ्याने धावायचे. घोट्याला बांधलेला वेळ मोजणारा पट्टा बदलाच्या जागेत एकमेकांच्या हाती द्यायचा. पहिल्या वर्षी असे उतरले तर जागा पाहून होते, गर्दी कळते, भीती मोडते.

शेवटी एक गोष्ट. बदलाची जागा ही थांबून स्वतःला विचारण्याचीही जागा आहे. छातीत दुखते का, डोळ्यांपुढे अंधारी येते का, घाम येण्याचा एकाएकी बंद झाला का? १९७८ च्या त्या पहिल्या शर्यतीत पंधरापैकी तिघे शेवटपर्यंत पोचले नाहीत, तरी पहिल्या पंधरांत त्यांची गणना आजही होते. डॉक्टर, स्वयंसेवक, सावली आणि पाणी हे सगळे याच जागेत जवळ असते. उत्तर काळजीचे असेल तर मिनिटे मोजू नयेत, खाली बसावे, आवाज द्यावा. समुद्र पुढच्या वर्षीही तिथेच असतो.